पीपीमध्ये ऑरगॅनोक्ले टाकला पण थर उघडायच्या ऐवजी मिटले, सीटीएबी अजून वाढवू का?

जालन्याचं_पोरगं | रविवार, रात्री ११:१०

राम राम मंडळी. एमएस्सी शेवटचं वर्ष आहे, संभाजीनगरला. प्रोजेक्ट पॉलिप्रॉपिलीन (पीपी) ह्या प्लास्टिकमध्ये क्लेचे, म्हणजे चिकणमातीचे, अतिबारीक थर मिसळून केलेलं नॅनोकंपोझिट. कच्छचा सोडियम बेंटोनाइट घेतला, धुऊन गाळून त्यातला मॉन्टमोरिलोनाइट (थराथराचं माती-खनिज) वेगळा काढला, सीटीएबी ह्या सरफॅक्टंटनं (साबणासारखं रसायन) ट्रीट करून ऑरगॅनोक्ले केला, वाळवला, कुटला, चाळला, इथपर्यंत सगळं झ्याक. एक्सआरडीत (क्ष-किरणांनी थरांमधलं अंतर काढायची चाचणी, पीकचा कोन कमी तेवढं अंतर जास्त) कच्च्या क्लेचा पीक ७.१ अंशावर होता तो ट्रीटमेंटनंतर ४.६ वर आला म्हणजे थर उघडले, सर पण खुश. मग एका ओळखीच्या ठिकाणी ट्विन स्क्रूवर (प्लास्टिक वितळवून मिसळायचं दोन स्क्रूंचं मशीन) २१० अंशाला पीपीसोबत ५ टक्के टाकून दाणे काढले आणि ताणून बघायचे डंबेल मोल्ड केले, आणि तिथून घोळ सुरू. कंपोझिटचा पीक ६.३ वर! म्हणजे उलटा गेला की. मॉड्युलस (कडकपणा) उगं दहाएक टक्के वाढला, ताणल्यावर लांबायचं प्रमाण मात्र निम्म्याहून खाली आलं, आणि डंबेलचा रंग पिवळट तपकिरी. सर म्हणायलेत की सीटीएबी कमी पडलं, सीईसीच्या (क्ले किती धन आयन धरू शकतो ते माप) दुप्पट घाल. माझं मन काही मानंना. कुणी ह्यातलं असलं तर सांगा, लई उपकार होतील.

उगं_वाचणारा | रविवार, रात्री ११:३२

म्हणजे मातीत साबण कालवायचा आणि ते प्लास्टिकमध्ये घालायचं, ह्याला एमएस्सी देतात व्हय? निरमा घालून बघ की, स्वस्त पडेल 😄

क्षकिरण_ताई | सोमवार, सकाळी ७:४०

उगं_वाचणारा, गंमत सोडा पण निरमा खरंच चालणार नाही आणि का चालणार नाही ह्यातच अर्धा विषय आहे. मॉन्टमोरिलोनाइटच्या थरावर ऋण भार असतो, तो सांभाळायला थरांच्या मधे सोडियम किंवा कॅल्शियमचे धन आयन बसलेले असतात. कपडे धुवायच्या पावडरीतला सरफॅक्टंट स्वतःच ऋण भाराचा, त्याला तिथं कोण बसू देणार. सीटीएबीचं डोकं धन भाराचं, त्यामुळे तो सोडियमला उठवून त्याची जागा घेतो आणि सोळा कार्बनची शेपटी सोबत आत आणतो. ह्याच जातीचे क्वाटर्नरी अमोनियम केसाच्या कंडिशनरमध्ये असतात, कारण केसावरही ऋण भार असतो.

आता जालन्याच्या पोरा, तुझे आकडे मांडून बघू. क्ष-किरणाची तरंगलांबी कॉपर के-अल्फाची धरते, १.५४ अँगस्ट्रॉम. ७.१ अंशाला अंतर येतं १२.४ अँगस्ट्रॉम, ४.६ ला १९.२, आणि ६.३ ला १४.०. ह्यातून क्लेच्या एका थराची स्वतःची जाडी ९.६ वजा कर, म्हणजे मधली फट कच्च्या क्लेत २.८ (पाण्याचा एक थर), ट्रीटमेंटनंतर ९.६ आणि कंपोझिटमध्ये ४.४. आता ही ४.४ ची फट बघ. एक अल्किल साखळी आडवी झोपली की साधारण एवढीच जागा घेते. म्हणजे पॉलिमर आत गेलाच नाही, उलट आत जे होतं त्यातलंच बरंच बाहेर पडलं आणि उरलेलं आडवं झालं. सीटीएबी कमी पडलं असतं तर ट्रीट केलेल्या क्लेतच फट छोटी दिसली असती, तिथं तर बरी आहे. गडबड बॅरलमध्ये (मशीनच्या तापलेल्या नळीत) झालीय.

वाळूजचा_बॅरल | सोमवार, सकाळी ९:१५

ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के. मी कंपाउंडिंगमध्येच आहे, वाळूजला. पोरा एक सांग, दाणे काढताना डायपाशी कुजक्या मासळीचा वास आला होता का?

जालन्याचं_पोरगं | सोमवार, सकाळी ९:४०

दादा तुम्हाला कसं कळलं?? ऑपरेटर विचारत होता की डब्यात सुकट आणलीय का कुणी. मला वाटलं पाण्याच्या टाकीचा वास असंल.

वाळूजचा_बॅरल | सोमवार, सकाळी १०:०५

टाकी नाही रे, ते ट्रायमिथाइल अमाइन आहे. तुझं सीटीएबी तुटून निघालं. क्वाटर्नरी अमोनियम तापलं की हॉफमन एलिमिनेशन होतं, शेपटी हेक्झाडेसीन होऊन सुटते आणि डोकं ट्रायमिथाइल अमाइन होऊन वाफेत जातं, नाकाला लगेच कळतं कारण हे लई थोडं असलं तरी वास मारतं. १८० ते २०० च्या पट्ट्यात ही सुरुवात होते आणि तू २१० ला चालवलंस, वर स्क्रूच्या घर्षणानं खरं वितळीचं तापमान पॅनेलवरच्या आकड्यापेक्षा जास्तच असतं, नीडिंग ब्लॉकपाशी (स्क्रूचा मळणारा भाग) तर हमखास. शेपटी गेली की क्लेवर तिच्या जागी प्रोटॉन राहतो म्हणजे आम्ल जागा तयार झाली, ती आता पीपीच्या साखळ्या तोडायला मदत करणार. तुझा रंग आणि तुझं इलाँगेशन (लांबायचं प्रमाण) दोन्ही तिथंच गेलं असा माझा अंदाज. एमएफआय (वितळलेला माल किती सहज वाहतो ते माप) काढ, वाढलेला असला तर साखळ्या तुटल्यात.

आणि दुप्पट सीटीएबी घालायचं म्हणशील तर आगीत तेल. जे क्लेवर बसत नाही ते ब्रोमाइड सोबत घेऊन मोकळं पडून राहतं, त्यातून मिथाइल ब्रोमाइड सुटू शकतं जे विषारी आहे, आणि मोकळं सरफॅक्टंट बसलेल्यापेक्षा आधी तुटतं. एक्झॉस्ट चालू नसला तर मशीनपाशी थांबू पण नको.

क्षकिरण_ताई | सोमवार, दुपारी १:२०

दुप्पटीवर मी पण थोडं बोलते, कारण हा मोह सगळ्यांना होतो. सीटीएबी दुप्पट घातलं तर एक्सआरडी खरंच सुंदर दिसेल, पीक अडीच अंशाच्या आसपास किंवा त्याच्याही खाली जाईल, फट मोठी, आलेख बघून सगळे टाळ्या वाजवतील. पण ती फट सरफॅक्टंटनंच भरलेली असते, पॉलिमरला शिरायला जागा कुठं? आणि शिरायचं कारण काय? पॉलिमर आत जातो तो जागा मोकळी दिसली म्हणून नाही, त्याला क्लेच्या पृष्ठभागाशी लगट करण्यात काही फायदा असला तरच. सरफॅक्टंटचं काम नुसतं दार उघडायचं नाही, आत कोणाला येऊ द्यायचं हेही तेच ठरवतं. डी-स्पेसिंग (थरांमधलं अंतर) हा गुणांचा तक्ता नव्हे, माझ्याकडे येणारी निम्मी पोरं तोच आकडा फ्रेम करून लावतात.

नायलॉन ६ चं बघ. टेक्सासच्या पॉल यांच्या गटानं २००२ च्या सुमारास एका शेपटीचे आणि दोन शेपट्यांचे ऑरगॅनोक्ले नायलॉन ६ मध्ये मिसळून तुलना केली, तर एका शेपटीवाला चांगला सुटला, म्हणजे त्याचे थर नीट वेगळे झाले. फट मात्र दोन शेपट्यांवाल्यात मोठी होती! कारण नायलॉनला क्लेचा उघडा सिलिकेट पृष्ठभाग आवडतो, अमाइड गट तिथं चिकटतात, जास्त शेपट्या घातल्या की तोच पृष्ठभाग झाकला जातो. पॉलिइथिलीन, पीपी ह्यांचं नेमकं उलटं, त्यांना सिलिकेटचं वावडं, म्हणून दोन शेपट्यांनी जितकं झाकाल तितकं बरं. तू घेतलंस एका शेपटीचं सीटीएबी आणि पॉलिमर पीपी, म्हणजे जोडीच अवघड.

उगं_वाचणारा | सोमवार, दुपारी २:००

ताई हे भारी सांगितलं. पण एवढं करून मिळतं काय? नॅनो नॅनो म्हणून पंचवीस वर्षं ऐकायलोय.

वाळूजचा_बॅरल | सोमवार, संध्याकाळी ७:३०

मिळतं, पण जिथं जमतं तिथंच. टोयोटाच्या संशोधन केंद्रानं नायलॉन ६ मध्ये करून दाखवलं, त्यांचे पेपर १९९३ ला आले, साधारण चार टक्के क्लेत ताणबल ६९ वरून १०७ मेगापास्कल, मॉड्युलस १.१ वरून २.१ गिगापास्कल आणि हीट डिस्टॉर्शन (भाराखाली वाकायला लागायचं तापमान) ६५ अंशावरून १४५ च्या आसपास. टायमिंग बेल्टचं कव्हर केलं त्याचं. पण त्यांचं सरफॅक्टंट बघा काय होतं, १२-अमिनोडोडेकॅनोइक आम्ल. एका टोकाला अमाइन, ते क्लेवर बसतं, दुसऱ्या टोकाला आम्ल, ते कॅप्रोलॅक्टमच्या (ज्यापासून नायलॉन ६ बनतो) पॉलिमरायझेशनमध्येच सामील होतं. म्हणजे नायलॉनची साखळी क्लेच्या थरांमधेच वाढली आणि वाढता वाढता थर ढकलत गेली. आपण तयार पॉलिमर वितळवून वरून मिसळणार आणि त्यांच्यासारखे आकडे मागणार, कसं जमेल.

पीपीवाल्यांत जनरल मोटर्सनं २००२ ला व्हॅनची पायरी काढली टीपीओ (रबर मिसळलेला पीपी) आणि क्लेची. आमच्याकडं विचाराल तर नुसता कडकपणा पाहिजे असला तर गिऱ्हाईक २० टक्के टाल्क (शंखजिऱ्याची पूड) घेतं आणि मोकळं होतं, स्वस्त आहे, झंझट नाही. क्ले वजनात हलकं पडतं आणि वायू अडवतो हे त्याचं खरं बलस्थान, बाकी कॅटलॉगातली मापं बघून हुरळून जाऊ नये.

मोसंबी_बदनापूर | सोमवार, रात्री ९:०५

मी शेतकरी माणूस, मुलगा दाखवायलाय म्हणून वाचायलो. दोन गोष्टी विचारतो. एक, तुम्ही जी माती म्हणता ती आमच्या रानातली काळीच आहे का, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी? असली तर कच्छहून कामून आणायची? दोन, मल्चिंग पेपर दुसऱ्या वर्षी फाटतो, शेततळ्याचा कागद ५०० मायक्रॉनचा टाकलाय तो किती टिकतो देव जाणे. ही माती घातली तर कागद टिकंल का?

परभणीची_माती | सोमवार, रात्री १०:४५

काका नमस्कार. मृदशास्त्रवाली आहे, परभणीला. पहिल्याचं उत्तर मी देते. हो, तुमच्या रानातल्या भेगा पाडणारं जे खनिज आहे ते मॉन्टमोरिलोनाइटच्याच स्मेक्टाइट घराण्यातलं, आपल्या बेसॉल्टच्या खडकापासून झालेलं. पाणी थरांत शिरलं की फुगतं, गेलं की आकसतं. पण रानातली माती म्हणजे नुसतं ते खनिज नाही. त्यात चुनखडीचे खडे, गाळ, वाळू, लोहाचे ऑक्साइड, सेंद्रिय पदार्थ सगळं आलं. चिकणमातीचा भाग निम्म्या आसपास धरा, त्यातही थरांच्या मधे बहुतेक कॅल्शियम बसलेलं. आम्ही मातीचं यांत्रिक विश्लेषण करतो तेव्हा उंच नळकांड्यात ढवळून ठेवतो, २ मायक्रॉनचा कण २० अंश तापमानाला १० सेंटीमीटर खाली यायला जवळजवळ आठ तास घेतो, तेवढ्या वेळानं वरचं १० सेंटीमीटर ओढून घेतलं की बारीक चिकणमाती हाती लागते. त्याच्या आधी आम्लधर्मी ॲसिटेटच्या द्रावणानं चुना काढायचा, डायथायोनाइट-सायट्रेटनं मोकळं लोह काढायचं, मग मिठाच्या द्रावणानं परत परत धुऊन कॅल्शियमच्या जागी सोडियम आणायचं. एवढा खटाटोप केल्यावर थोडा माल हातात येतो. प्रयोगाला ठीक आहे, धंद्याला कच्छ, बाडमेरचा बेंटोनाइटच परवडतो.

आणि हे आयन बदलणं तुम्हाला नवीन नाही काका. कॅनॉलच्या पाण्यानं रान चोपण झालं की जिप्सम टाकता ना, तिथं सोडियम हाकलून कॅल्शियम बसवता. ही पोरं कॅल्शियम हाकलून सोडियम बसवतात आणि मग सोडियम हाकलून सरफॅक्टंट. रसायन तेच. चोपण रानात माती पाण्यात विरघळल्यासारखी गढूळ होते, पाणी मुरत नाही, तसा क्ले पाण्यात सुटा झाला की मगच सीटीएबी प्रत्येक थरापर्यंत पोचतं, म्हणून आधी सोडियम लागतं.

क्षकिरण_ताई | मंगळवार, सकाळी ७:१५

काकांच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, टिकणार नाही, उलट लवकर फाटण्याची भीती. मॉन्टमोरिलोनाइटमध्ये लोह असतं, थराच्या सांगाड्यातच, कितीही धुतलं तरी जात नाही. उन्हात हे लोह पॉलिओलेफिनच्या ऑक्सिडीकरणाला हातभार लावतं, त्यात क्ले काही स्टॅबिलायझर स्वतःवर ओढून घेतो. मल्चिंगला उन्हापासूनच वाचवायचंय, तिथं कार्बन ब्लॅक आणि चांगले यूव्ही स्टॅबिलायझर हाच मार्ग. पाणी तर पॉलिइथिलीन आधीच अडवतं, तिथं क्ले काय नवं करणार?

क्ले कामाला येतो वायू अडवायला. चपटे पापुद्रे आडवे पसरले की ऑक्सिजनला वळसे घेत जावं लागतं. नीलसनचं १९६७ चं साधं समीकरण आहे, त्यात आपल्या पोराचे आकडे टाकते. ५ टक्के ऑरगॅनोक्लेत सरफॅक्टंटचं वजन सोडलं तर खनिज ४ टक्के, ते आकारमानानं झालं जेमतेम १.४ टक्के. पापुद्रे पूर्ण सुटले, लांबी जाडीच्या शंभरपट धरली, तर वायू जायचं प्रमाण ५८ टक्क्यांवर येतं, म्हणजे ४२ टक्के घट. तेच पापुद्रे सुटलेच नाहीत, पापडाच्या चळतीसारखे एकावर एक राहिले आणि गुणोत्तर दहावर आलं, तर घट फक्त आठ टक्के. क्ले तेवढाच, खर्च तेवढाच. सरफॅक्टंट नीट निवडलं की नाही ह्याचा फरक हा एवढा.

मोसंबी_बदनापूर | मंगळवार, सकाळी ८:००

समजलं. म्हणजे मोसंबीच्या पॅकिंगला बघता येईल, शेततळ्याला नाही. धन्यवाद ताई.

जालन्याचं_पोरगं | मंगळवार, सकाळी १०:३०

डोळे उघडले राव. ताई, ४ टक्के खनिज कसं काढलं तेवढं सांगा ना, आणि सीटीएबी मी क्लेच्या वजनाच्या निम्मं घातलं होतं, जुन्या थिसिसमध्ये तसंच होतं म्हणून.

क्षकिरण_ताई | मंगळवार, दुपारी १२:५०

अरे मग तू आधीच दीडपट घातलंयस! बघ, तुझ्या क्लेची सीईसी १०० ग्रॅमला ९० मिलिइक्विव्हॅलंट धर (खरी मोजून घे, मेथिलीन ब्लूनं होते, परभणीच्या ताई अमोनियम ॲसिटेटनं करून देतील कदाचित). ०.०९ मोल गुणिले सीटीएबीचं रेणुभार ३६४.५, म्हणजे ३२.८ ग्रॅम. तू घातलंस ५०. आणि सोळा कार्बनवालं धन आयन एकटं २८४.५ चं, म्हणजे एकपट सीईसीला क्लेवर बसतं २५.६ ग्रॅम, १२५.६ मधलं २५.६, वीस टक्के सेंद्रिय. म्हणून ५ टक्के ऑरगॅनोक्लेत ४ टक्के खनिज, तुझ्याकडे जास्तीचं न धुता राहिलं असलं तर त्याहून कमी. बाजारातल्या दोन शेपट्यांच्या ऑरगॅनोक्लेत जळून जाणारा भाग ४० टक्क्यांच्या आसपास जातो, म्हणून दोन क्लेची तुलना करताना राख मोजून खनिज सारखं ठेवायचं, नुसतं पाच टक्के पाच टक्के करून उपयोग नाही. मॉड्युलस खनिजानं वाढतो, शेपटीनं नाही.

धुतलंस कितीवेळा? चांदीच्या नायट्रेटची टेस्ट केलीस का?

जालन्याचं_पोरगं | मंगळवार, दुपारी १:१५

फेस जाईपर्यंत धुतलं. नायट्रेट लॅबमध्ये संपलंय, मागवलंय म्हणायलेत 🙏

परभणीची_माती | मंगळवार, दुपारी ३:२०

फेसावर जाऊ नको. गाळलेल्या पाण्यात नायट्रेटचा थेंब टाकला आणि फिकट पिवळसर गढूळपणा आला म्हणजे ब्रोमाइड अजून आहे, कोमट पाण्यानं परत धू. सीटीएबी पंचवीस अंशाच्या खाली पाण्यात नीट विरघळत नाही, थंडीत स्फटिक तळाला बसतात, त्यामुळे ट्रीटमेंट आणि धुणं दोन्ही गरम पाण्यात, साठ सत्तरला. आणि ते धुणवळीचं पाणी बेसिनमध्ये ओतू नको रे बाबा, क्वाट (सीटीएबीसारखं क्वाटर्नरी अमोनियम) जंतू मारतं, सांडपाण्याच्या टाकीतले कामाचे जंतू पण मरतात. कॅनमध्ये साठव.

वाळूजचा_बॅरल | मंगळवार, रात्री ८:१०

आता करायचं काय ते बोलू. पहिलं, जोडी बदल. दोन शेपट्यांचं क्वाट मिळालं तर घे, डायमिथाइल डायहायड्रोजनेटेड टॅलो. तरीही नुसत्या पीपीत सुटणार नाही, मॅलेइक ॲनहायड्राइड ग्राफ्ट केलेला (साखळीला जोडलेला) पीपी लागतोच, क्लेच्या वजनाएवढा ते तिप्पट. आधी क्ले आणि ग्राफ्टेडचा मास्टरबॅच (दाट मिश्रण) काढ, मग तो साध्या पीपीत उतरव. ग्राफ्टेड लई वाढवला की मॉड्युलस परत खाली येतो, त्याच्या साखळ्या आखूड असतात. तापमान १८० ते १९० ठेव, फीड कमी करायचा आणि आरपीएम वाढवायचा मोह आवर, अँटिऑक्सिडंट टाक. उद्या नायलॉन किंवा पीईटीवर गेलास तर अमोनियम विसर, पीईटी २७० च्या वर चालतो, तिथं फॉस्फोनियम नाहीतर इमिडॅझोलियम, ते तीनशेच्या घरात टिकतात पण महाग.

सर ऐकत नसले तर टीजीए (तापवत नेताना वजन किती घटतं ती चाचणी) काढून समोर ठेव, भांडू नको.

उगं_वाचणारा | मंगळवार, रात्री ९:००

मी पण शिकायलोय हां आता. पीक गायबच झाला तर समजायचं थर पूर्ण सुटले, बरोबर?

क्षकिरण_ताई | मंगळवार, रात्री ९:४०

तसंच नाही. क्ले चार टक्के, त्यात रचना विस्कटलेली, तर पीक मंद होऊन दिसेनासा होतो, किंवा दोन अंशाच्या खाली जातो जिथं मशीनचा थेट किरणच सगळं झाकतो. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) डोळ्यांनी बघितल्याशिवाय सुटले म्हणायचं नाही. जालन्याच्या पोरा, तुझा पीक तर ठळक आहे, तुला ही अडचण नाही 😀

जालन्याचं_पोरगं | बुधवार, सकाळी ११:२५

टीजीएचा स्लॉट शनिवारी मिळालाय. ट्रीट केलेला क्ले, नीट धुतलेला क्ले आणि नुसतं सीटीएबी असे तीन देणार. सरांना मासळीचं सांगितलं, ते पण हसले आणि म्हणले आधी टीजीए बघू मग ठरवू. दादा, मशीन परत मिळायची शक्यता आहे, १८५ ला चालवू?

वाळूजचा_बॅरल | बुधवार, दुपारी १२:१०

चालव. टीजीएत नुसता रॅम्प (तापमान चढवत नेणं) देऊ नको, १८५ ला आणि २१० ला प्रत्येकी दहा पंधरा मिनिटं स्थिर धरून वजन किती उतरतं ते पण घे, बॅरलमध्ये माल तेवढाच वेळ बसतो. एक नायट्रोजनमध्ये, एक हवेत. आणि मशीन हातात आली की आधी साध्या पीपीनं बॅरल धुऊन घे, डायमधून पांढरं स्वच्छ येईपर्यंत, तुझ्या मागच्या तपकिरी मालाचा थर स्क्रूवर अजून चिकटलेला असणार.